शेल स्क्रिप्ट सगळीकडे चालेल अशी लिहायची की सरळ बॅश टाकून मोकळं व्हायचं?

संकेत_७ | सोमवार, २१:१०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे एक शेल स्क्रिप्ट आहे, म्हणजे शेलने (कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) ओळीने चालवायच्या कमांडींची फाइल. काम अगदी साधं. रात्री कालच्या तारखेच्या लॉग फाइली गोळा करायच्या, जीझिप करून दुसऱ्या मशीनवर पाठवायच्या, महिन्यापेक्षा जुन्या उडवायच्या आणि डिस्क भरत आली असेल तर मेल टाकायचा. आतापर्यंत सगळे सर्व्हर उबंटू होते, त्यामुळे कधी विचार करावा लागला नाही. आता तीच स्क्रिप्ट अल्पाइनच्या (अगदी छोट्या लिनक्सच्या) कंटेनरात हवी आहे, टीममधले निम्मे लोक मॅकवर आहेत आणि एका ग्राहकाकडे एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) आहे. ते "इतक्यात हलणार नाही" असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

माझं मत: पहिल्या ओळीत बॅश (उबंटूवरचा आपला नेहमीचा शेल) लिहावं, जिथे नाही तिथे टाकून घ्यावं, विषय संपला. आमचे सिनियर म्हणतात पॉझिक्स शेलमध्ये लिही, म्हणजे सगळ्या युनिक्सांच्या सामायिक मानकात बसेल तेवढंच. त्यात ॲरे नाहीत, दुहेरी चौकटी कंस नाहीत, स्ट्रिंगचे लाड नाहीत. आजच्या काळात खरंच कोणी असं लिहितं का?

पाइपवाला | सोमवार, २१:२२

लिहितो. मी.

बाकी सविस्तर जेवण झाल्यावर. तोवर एवढंच सांगा, एआयएक्सवर बॅश टाकायची परवानगी तुम्हाला कोण देणार आहे?

लोकल ८:१२ | सोमवार, २१:२५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पायथनवाले पाच मिनिटांत पोचतील.

अनघा_र | सोमवार, २१:३१

पोचले. :)

खरं सांगू का, स्क्रिप्ट शंभर ओळींच्या पुढे गेली आणि त्यात तारखांचं गणित आलं की शेलचा नाद सोडावा. पायथनमध्ये तारीख, फाइल, मेल सगळं एकाच ठिकाणी आणि सगळीकडे सारखं. शेलमध्ये प्रत्येक कामाला बाहेरची कमांड बोलवायची आणि ती कमांड प्रत्येक मशीनवर वेगळ्या स्वभावाची.

सानिका_पु | सोमवार, २१:४४

अनघाताई, अल्पाइनच्या मूळ इमेजमध्ये पायथनही नसतो. तिथे बिझीबॉक्स आहे, म्हणजे एकाच छोट्या बायनरीत शेल आणि मजकूर शोधायच्या-बदलायच्या कमांडी (ग्रेप, सेड, ऑक) सगळं कोंबलेलं. राउटर आणि सेट टॉप बॉक्सवर आमचं रोजचं काम यातच चालतं. फ्लॅश मेमरीत जागा मोजून मिळते, तिथे पायथन नको आणि बॅशही नको.

>> बॅश जिथे नाही तिथे टाकून घ्यावं

हे म्हणजे पाहुणे म्हणून जाताना स्वतःचा गॅस सिलिंडर बरोबर नेण्यासारखं आहे. स्वयंपाक होईल, पण यजमान पुढच्या वेळी बोलावणार नाही.

जुने खोड | सोमवार, २२:३०

संकेत, तुमचा प्रश्न चांगला आहे पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. आधी थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर खाली उडी मारा.

स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बेल लॅब्जमधून बाहेर आला. बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल केला, त्याची वाक्यरचनाच निराळी. मग डेव्हिड कॉर्न यांचा कॉर्न शेल आला. बॅश ब्रायन फॉक्स यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिला, १९८९ मध्ये. तोवर प्रत्येक कंपनीचं युनिक्स आपापल्या दिशेने गेलेलं होतं. १९९२ मध्ये पॉझिक्सचा शेल आणि कमांडींचा भाग मंजूर झाला आणि त्यात कॉर्न शेलच्या १९८८ च्या आवृत्तीचा मोठा वाटा आहे. म्हणजे तुम्हाला आज "पॉझिक्समध्ये काहीच नाही" असं वाटतं, पण बोर्नच्या शेलमधून आलेल्या माणसाला त्यात दिवाळी होती. डॉलर आणि गोल कंसातलं कमांड सब्स्टिट्यूशन (कमांडचं उत्तर तिच्याच जागी घालणं) बोर्नमध्ये नव्हतंच, उलटी अवतरणचिन्हं (बॅकटिक) लावायची. सोलारिस (सनचं युनिक्स) १० पर्यंत /बिन/एसएच, म्हणजे सिस्टिमचा मूळ शेल, हा तोच जुना बोर्न होता! चांगला शेल हवा तर /यूएसआर/एक्सपीजी४/बिन मध्ये जाऊन शोधायचा. सोलारिस ११ मध्ये त्या जागी कॉर्न शेल ९३ आला तेव्हा आमच्यासारख्यांनी सुस्कारा सोडला.

तर मुद्दा. शेलची भाषा हा प्रश्नाचा लहान भाग. ती महिनाभरात अंगवळणी पडते. मोठा भाग म्हणजे शेल ज्यांना हाक मारतो त्या कमांडी: सेड, डेट (तारीख), डीएफ (डिस्कची जागा), स्टॅट (फाइलीची माहिती), पीएस (चालू प्रक्रिया). एआयएक्सवर तुम्ही बॅश टाकलात तरी तिथली डीएफ एआयएक्सचीच राहणार. बॅश टाकून तुमचा पाव प्रश्न सुटतो.

लोकल ८:१२ | सोमवार, २२:३४

खोडकाका, सुस्कारा सोडताना वय कळतं हो.

जुने खोड | सोमवार, २२:३६

कळू दे की. पेन्शनही त्याच वयाची मिळते.

पाइपवाला | सोमवार, २३:०५

जेवण झालं.

काकांशी सहमत, फक्त "लहान भाग" म्हणून शेलला सोडू नका. ओरडणारी चूक परवडते, गप्प बसणारी परवडत नाही, आणि शेलमध्ये गप्प बसणाऱ्या चुका भरपूर आहेत. एक नमुना देतो. बॅशमध्ये आउटपुट आणि एरर दोन्ही एकाच फाइलीत घालायला लोक ‘&>’ लिहितात. उबंटूने २००६ च्या ऑक्टोबरात (६.१०) /बिन/एसएच म्हणून डॅश हा छोटा शेल लावला, उबंटूचा पाया असलेल्या डेबियननेही पुढे तेच केलं. डॅशला ‘&>’ माहीत नाही. पण तो तक्रारही करत नाही! त्याच्या दृष्टीने तिथे दोन गोष्टी आहेत: ‘&’ म्हणजे कमांड मागे सोडून दे, आणि ‘>’ म्हणजे ही फाइल रिकामी कर. म्हणजे तुमची बॅकअपची कमांड पार्श्वभूमीत सुटते, लॉग कोरा राहतो आणि पुढची ओळ बॅकअप व्हायच्या आधीच चालू. एक्झिट कोड शून्य, म्हणजे "यशस्वी". सगळं हिरवं.

त्या मानाने ‘[[’ बिचारा प्रामाणिक आहे. डॅश म्हणतो अशी कमांडच नाही, आणि तुम्हाला लगेच कळतं.

दुसरा नमुना, हा तुमच्या एआयएक्ससाठी खास. पाइपच्या (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या साखळीच्या) शेवटी ‘व्हाइल रीड’चा लूप लावून आत फाइली मोजायच्या आणि लूप संपल्यावर आकडा छापायचा. बॅश आणि डॅश तो लूप सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालवतात, त्यामुळे बाहेर आकडा शून्यच. कॉर्न शेल पाइपचा शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतो, आणि एआयएक्सचा /बिन/एसएच म्हणजे कॉर्न शेलच. तीच स्क्रिप्ट, एका ठिकाणी आकडा बरोबर, दुसरीकडे शून्य. पाइपऐवजी आधी तात्पुरत्या फाइलीत लिहा आणि लूपला ती फाइल ‘<’ ने द्या, मग सगळीकडे एकच उत्तर येतं.

मिलिंद_स्टुटगार्ट | मंगळवार, ०२:१५

आमच्याकडे अजून रात्र झालेली नाही, म्हणून लिहितो.

>> पहिल्या ओळीत बॅश लिहावं

कुठला बॅश? मॅकबरोबर आजही ३.२ येतो. बॅश ४.० पासून परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपलने तिथेच गाडी थांबवली. २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या वापरकर्त्याला झेडशेल मिळतो, पण /बिन/बॅश तोच जुना. म्हणजे असोसिएटिव्ह ॲरे नाही, मॅपफाइल नाही, अक्षरं लहान-मोठी करायची सोय नाही. "बॅशमध्ये लिहा, सगळीकडे चालेल" म्हणणाऱ्यांची स्क्रिप्ट बहुतेक वेळा पहिल्यांदा मॅकवर पडते, एआयएक्सपर्यंत पोचतच नाही.

आणि एक गंमत. मॅकवर /बिन/एसएच सुद्धा मुळात बॅशच आहे, रेड हॅट लिनक्सवरही. पॉझिक्स मोडमध्ये चालला तरी तो ‘[[’ खुशाल खातो. तेव्हा "माझ्या मॅकवर एसएचने चालवून बघितलं, चाललं" याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. तपासायचं तर डॅशने.

अथर्व_नवा | मंगळवार, ०८:५०

नवीन आहे, हसू नका. सेडच्या ‘-आय’ (फाइल जागच्या जागी बदलायचा पर्याय) बद्दल कोणी सांगेल का? आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सानिका_पु | मंगळवार, ०९:२०

हसत नाही, सगळे इथूनच गेलेत.

ग्नू सेडमध्ये ‘-आय’ला जोडून बॅकअपचं शेपूट देता येतं, नाही दिलं तरी चालतं. बीएसडी (बर्कलीच्या वंशातलं युनिक्स) आणि मॅकच्या सेडला शेपूट द्यावंच लागतं, भले रिकामं असो. त्यामुळे लिनक्सची सवय घेऊन मॅकवर गेलात की तो तुमची बदल सांगणारी ‘एस’ची कमांड हेच शेपूट समजतो, फाइलीचं नाव कमांड समजतो आणि काहीतरी अगम्य बोलतो. मधे ‘-ई’ घातलंत तर काम होतं, पण प्रत्येक फाइलीशेजारी नावामागे ‘-ई’ लागलेली जुळी फाइल तयार होते. कोणाच्या रेपॉझिटरीत अशा फाइली दिसल्या तर समजावं, मालक मॅकवर आहे.

शेपूट जोडूनच लिहा, ‘-आय.बॅक’ असं, मधे जागा न सोडता. हे दोन्हीकडे चालतं, मग बॅक फाइल उडवायची. पण ‘-आय’ पॉझिक्समध्ये नाही, एआयएक्सच्या सेडमध्ये ते धरून चालू नका. तिथे तात्पुरत्या फाइलीत लिहून मूळ जागी आणायचं.

पाइपवाला | मंगळवार, ०९:४१

आणताना ‘एमव्ही’ (हलवणारी कमांड) केलंत तर मूळ फाइलीचे मालक, परवानग्या आणि हार्ड लिंक जातात, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी) असेल तर तिच्या जागी साधी फाइल बसते. ‘कॅट’ने मूळ फाइलीत ओतलंत तर हे सगळं टिकतं, पण मधेच डिस्क भरली तर अर्धी फाइल. कॉन्फिगसाठी मी कॅट वापरतो, डेटासाठी एमव्ही.

शुद्धवादी | मंगळवार, १०:०२

इथल्या गोंधळाचं कारण एकच, लोक मानक वाचत नाहीत. मानकात जे आहे तेवढंच वापरा, कुठेही अडणार नाही. मी माझ्या फंक्शनमध्ये व्हेरिएबल लोकल ठेवतो, तात्पुरत्या फाइलीला एमकेटेंप वापरतो, इको टाळतो. कधी अडलं नाही.

मिलिंद_स्टुटगार्ट | मंगळवार, १३:३०

‘लोकल’ मानकात नाही. एमकेटेंपही नाही. :)

लोकल ८:१२ | मंगळवार, १३:३२

माझ्या आयडीवर कशाला जाता!

शुद्धवादी | मंगळवार, १३:५८

डॅश, बिझीबॉक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी सगळीकडे लोकल चालतं. व्यवहारात मानकच झालंय ते.

जुने खोड | मंगळवार, १४:४०

"व्यवहारात" म्हटलंत ना, मग शुद्धवाद तिथेच संपला. आणि धागाकर्त्याच्या एआयएक्सच्या कॉर्न शेलमध्ये ‘लोकल’ नाही, तिथे ‘टाइपसेट’ आहे. फंक्शनचं शरीर गोल कंसात घालून सबशेलमध्ये चालवलं की व्हेरिएबल आपोआप आतच राहतात, हा सगळीकडे चालणारा मार्ग. थोडा हळू, पण रात्री दोन वाजता कोणाला घाई आहे?

मानकाची बाजूही घेतो. २०२४ च्या आवृत्तीत बऱ्याच वर्षांच्या मागण्या पूर्ण झाल्या: पाइपफेल, फाइंडचं ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्जचं ‘-०’, सेडचं कॅपिटल ‘-ई’ (वरचं ते लहान), शिवाय रीडलिंक, रिअलपाथ, टाइमआउट. पण मानकात आलं म्हणजे ग्राहकाच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर आलं असं नाही. तुमच्या जुन्या फाइली उडवण्यासाठी ‘-प्रिंट०’ लागतही नाही. फाइंडला ‘-एक्झेक’च्या शेवटी अर्धविरामाऐवजी अधिकचिन्ह द्या, तो नावांचा गठ्ठा करून आरएमला (फाइल उडवणाऱ्या कमांडला) देतो, नावात जागा असली तरी फुटत नाही.

‘-डिलीट’ मात्र नको. मानकात नाही हे एक, आणि अटींच्या आधी लिहिलं गेलं तर अटी बघायच्या आधीच सगळं साफ.

शब्दवेडी | मंगळवार, १६:१५

जरा वेगळा कोन देते. मी मराठी मजकुराच्या मोठ्या फाइलींवर काम करते, शब्द मोजणं, याद्या लावणं वगैरे. इथे पोर्टेबल नसणं म्हणजे काय ते बघा.

‘मराठी’ हा शब्द ऑकला देऊन लांबी विचारा. ग्नू ऑक यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहायची पद्धत) लोकेलमध्ये, म्हणजे तशा भाषेच्या सेटिंगमध्ये, ५ सांगतो, कारण तो म, र, काना, ठ, वेलांटी असं मोजतो. डेबियन-उबंटूवर मुळात येणारा एमऑक बाइट मोजतो, म्हणून १५. आपण शाळेत ३ अक्षरं मोजतो ते कोणालाच मान्य नाही. मूळ ऑकमध्ये यूटीएफ-८ ची सोय यायला २०२३ साल उजाडलं, ती ऑकच्या जनकांपैकी एक ब्रायन कर्निघन यांनी स्वतः घातली. ग्नूचा ‘टीआर’ही बाइट बाइट बघतो, त्याला देवनागरी अक्षरांची अदलाबदल सांगितलीत तर अक्षरांचे तुकडे करून ठेवतो.

आणि सॉर्ट! लोकेल ‘सी’ (कुठलीच भाषा न बघणारं) ठेवलं की युनिकोडच्या क्रमाने लावतो. त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, म्हणून ‘फळ’ आधी आणि ‘फवारा’ नंतर. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्याही पुढे. ‘ज्ञ’ तर ‘ज’च्या पोटात जातो. अल्पाइनच्या मसल लायब्ररीत लोकेलप्रमाणे क्रम लावायची सोयच नाही, तिथे काहीही सेट करा, बाइटचाच क्रम.

अथर्व_नवा | मंगळवार, १६:४०

मग लोकेल ‘सी’ ठेवायचं की नाही?

शब्दवेडी | मंगळवार, १६:५२

मशीनने वाचायच्या गोष्टींना हो, कायम. दोन मशीनवरच्या याद्या ‘कॉम’ किंवा ‘जॉइन’ने ताडायच्या असतील तर दोन्हीकडे ‘सी’च हवं, नाहीतर "यादी क्रमाने नाही" म्हणून रडगाणं येतं किंवा ओळी गळतात. माणसाने वाचायची शब्दसूची असेल तर शेल सोडा आणि युनिकोडची क्रमवारी जाणणारी लायब्ररी घ्या. अनघाताई, इथे तुमच्याशी सहमत.

अनघा_र | मंगळवार, १७:०५

नोंद घेतली आहे, तारीख-वेळेसकट.

कोकणी मेवा | मंगळवार, २०:१०

किस्से चालतील का? चालतील असं धरतो.

एका डेटा सेंटरात सोलारिस १० ची मशीन होती. लिनक्सवरून आलेल्या मुलाने पूर्ण नाव बघायला ‘होस्टनेम -एफ’ दिलं, रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून. सोलारिसच्या होस्टनेमला तो पर्याय माहीत नाही, त्याला वाटलं नवं नाव दिलंय. मशीनचं नाव ‘-एफ’ झालं! मॉनिटरिंगवर लाल दिवे लागेपर्यंत कोणाला पत्ता नाही. नाव हवं असेल तर ‘युनेम -एन’, ते नाव फक्त सांगतं, बदलत नाही.

आणि ‘किलऑल’. लिनक्सवर दिलेल्या नावाच्या प्रक्रियाच मारतो. सोलारिसवर नावाला जागतो.

पाइपवाला | मंगळवार, २०:१४

नावाला जागतो. हा हा हा. काही न जाणणाऱ्यांसाठी: तिथे तो शटडाउनच्या वेळी सगळ्याच प्रक्रिया संपवायला आहे.

लोकल ८:१२ | मंगळवार, २०:२०

पोर्टेबल आहे की. सगळीकडे किल करतो.

मिलिंद_स्टुटगार्ट | मंगळवार, २३:४५

किश्शांत भर. फाइल कधी बदलली ते बघायला स्टॅट वापरतात. ग्नूला ‘-सी’, बीएसडी-मॅकला ‘-एफ’. लोक म्हणतात, एक करून बघ, नाही जमलं तर दुसरं. चांगली कल्पना, पण क्रम महत्त्वाचा. ग्नू स्टॅटला ‘-एफ’ म्हणजे "फाइल सिस्टिमची माहिती दे", त्यामुळे तो अपयशी ठरता ठरता पानभर माहिती ओकतो आणि ती तुमच्या व्हेरिएबलमध्ये जाऊन बसते. आधी ‘-सी’ करून बघा, मॅक सरळ नकार देतो आणि मग दुसरं चालतं.

अशा जागी मी युनेमने सिस्टिम ओळखून फाटे फोडत नाही. मॅकवर लोक ग्नूच्या कमांडी टाकून बसलेले असतात, अल्पाइन लिनक्सच आहे पण कमांडी बिझीबॉक्सच्या. नाव बघण्यापेक्षा क्षमता बघावी. ऑटोकॉन्फ १९९१ पासून हेच करतं, म्हणून कॉन्फिगर चालवल्यावर "चेकिंग... चेकिंग..." ची ती भलीमोठी रांग.

संकेत_७ | बुधवार, ११:०५

बापरे. एवढं होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

पहिल्या मतावरून हललोय. सिनियरांना अजून सांगितलं नाही, त्यांना आनंद होईल. सध्याची स्थिती: पहिली ओळ /बिन/एसएच, शेलचेकमध्ये (स्क्रिप्टच्या चुका शोधणारं साधन) पॉझिक्स शेल निवडून तपासली, डेबियनची चेकबॅशिझम्सही (बॅशपुरत्या गोष्टी शोधणारी) चालवली. बऱ्याच ओळी गेल्या. ॲरेच्या जागी ‘सेट --’ करून पोझिशनल पॅरामीटर (स्क्रिप्टला दिलेल्या शब्दांची यादी) वापरले, माझ्या कामाला पुरले. इकोच्या जागी सगळीकडे प्रिंटएफ. डॅश आणि बिझीबॉक्समध्ये हिरवं आहे.

आता अडकलोय ते दोन ठिकाणी. एक, डिस्क किती भरली ते एआयएक्सवर काहीतरी अचाट आकडा येतो, साडेतीन लाख टक्के वगैरे. दोन, कालची तारीख. उबंटूवर ‘डेट -डी यस्टरडे’ होतं, मॅकवर ‘-व्ही’ लागतं, बिझीबॉक्सला ‘यस्टरडे’ कळत नाही आणि एआयएक्सवर तर दोन्ही नाही. प्रत्येकासाठी वेगळा फाटा लिहायचा का?

जुने खोड | बुधवार, ११:५०

पहिलं सोपं आहे. तुम्ही डीएफच्या पाचव्या रकान्यातून टक्के उचलताय. एआयएक्सच्या डीएफमध्ये टक्के चौथ्या रकान्यात असतात आणि पाचव्यात वापरलेले आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी). म्हणजे तुम्ही आयनोडना टक्के म्हणताय. शिवाय तिथे मुळात हिशोब ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये. ‘डीएफ -पी -के’ असं लिहा. ‘-पी’मुळे रकाने सगळीकडे मानकाप्रमाणे येतात, पाचवा टक्क्यांचा, आणि ‘-के’मुळे किलोबाइट. डिस्कची लांबलचक नावं असली की जुना लिनक्स डीएफ ओळ दोन ठिकाणी तोडायचा, तेही ‘-पी’ने थांबतं.

दुसऱ्यासाठी पाइपवाल्याला बोलवा, त्याच्याकडे जुनं औषध आहे.

पाइपवाला | बुधवार, १२:३०

काकांनी चावी दिलीच आहे तर वाजतो.

टाइमझोनचं व्हेरिएबल टीझेड. आपण त्यात आशिया/कोलकाता लिहितो, पण पॉझिक्सचं एक जुनं रूप आहे: नाव आणि पुढे युटीसीपासूनचं (जागतिक प्रमाणवेळेपासूनचं) अंतर. चिन्ह उलटं असतं, पूर्वेला वजा. म्हणून भारताची वेळ ‘आयएसटी-५:३०’. आता त्यात २४ तास मिळवा: वजा साडेपाच अधिक चोवीस म्हणजे साडेअठरा. फक्त त्या एका डेट कमांडपुरतं टीझेडला ‘आयएसटी१८:३०’ द्या. डेटला वाटतं आपण अशा गावात आहोत जिथे घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर एक दिवस मागे आहे, आणि ती कालची तारीख सांगते. उबंटू, मॅक, अल्पाइन, एआयएक्स, सगळीकडे, एकाच ओळीत.

अमेरिका-युरोपात हे वर्षातून दोनदा फसू शकतं, कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे ढकलतात. आपल्याकडे ती भानगड नाही, म्हणून इथे हे औषध शंभर टक्के लागू. उद्याची तारीख मात्र असं करून मागू नका, त्याला वजा साडेएकोणतीस लागेल आणि मानकात मर्यादा २४ तासांची आहे.

मिलिंद_स्टुटगार्ट | बुधवार, १४:१०

दंडवत. इथे चालणार नाही याचं दुःख आहे.

सानिका_पु | बुधवार, १४:२५

याचा अल्पाइनला दुहेरी फायदा. तिथे टाइमझोनची माहिती मूळ इमेजमध्ये नसते. आशिया/कोलकाता लिहिलं तरी तक्रार न करता युटीसी दाखवतो, म्हणजे साडेपाच तास मागे. तुमची स्क्रिप्ट रात्री दोनला चालली तर तिच्या दृष्टीने अजून आदल्या दिवसाचे साडेआठ वाजलेत, आणि "काल" म्हणजे आपला परवा. आकड्यातलं रूप दिलं की वेगळं पॅकेज टाकावं लागत नाही.

अनघा_र | बुधवार, १५:००

मान्य, हुशारी आहे. पण सहा महिन्यांनी ही साडेअठराची ओळ जो वाचेल त्याची दया येते. एआयएक्सवर पर्ल बरोबरच येतं, तीच एक ओळ पर्लमध्ये स्पष्ट दिसेल.

पाइपवाला | बुधवार, १५:१२

अल्पाइनमध्ये पर्ल नाही, ताई. वर दोन ओळींची टिप्पणी लिहायची, दया कमी होईल.

अनघा_र | बुधवार, १५:१५

टिप्पणी लिहिणारा शेलवाला अजून भेटायचाय, पण ठीक.

संकेत_७ | गुरुवार, १०:२०

चाललं! चारही ठिकाणी. डीएफही ठीक. फक्त एक राहिलं. तीच डेटची ओळ फाइलीचं नाव बनवायला क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या कमांडींच्या यादीत) लिहिली तर उबंटूवरही चालत नाही. टर्मिनलवर तीच ओळ व्यवस्थित.

कोकणी मेवा | गुरुवार, १०:३१

क्रॉनटॅबमध्ये टक्केचिन्ह म्हणजे नवी ओळ. डेटच्या फॉरमॅटमधलं पहिलं टक्के आलं की कमांड तिथेच तुटते आणि उरलेलं तिच्या स्टँडर्ड इनपुटला जातं. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे ओळ स्क्रिप्टच्या आत न्या आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पाथ ठेवा. सोलारिस १० वर कधी गेलात तर दर पाच मिनिटांसाठीचं तारा-तिरपी रेघ-५ सुद्धा चालणार नाही, मिनिटं एक एक करून लिहावी लागतात.

संकेत_७ | गुरुवार, १०:४५

आत नेली. चाललं. सिनियर विचारताहेत हे साडेअठरा काय आहे.

लोकल ८:१२ | गुरुवार, १०:४७

अनघाताई, घ्या.